ओवीचा कानोसा

वैजयंता मगदूमच्या तोंडाला सगळं निमजगाव वचकून असे. बाजारपेठेच्या टोकाला तिची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची इतकी सवय झाली होती, की बँकेत गेली तरी ती ओरडूनच बोलायची. दळणात खडे निघाले की गिऱ्हाइकाला झाडायची, रांग मोडली की पोराटोरांना पिटाळायची. नवरा फार पूर्वी दुसऱ्या गावी दुसरं बिऱ्हाड करून राहिला होता. तो हिच्या तोंडाला कंटाळून गेला असं लोक म्हणायचे, आणि वैजयंताही ते कधी नाकारत नसे. "गेला तर गेला, गिरणी तर ठेवून गेला," एवढंच म्हणायची.

ओवी तिच्या भावाची मुलगी. ती अगदी लहान असताना तिची आई क्षयानं गेली, आणि तो क्षय नुसता क्षय नव्हता हे ती गेल्यावर कळलं. मग भावाची तपासणी झाली, मग पोरीची. दोघांच्याही रक्तात एचआयव्ही निघाला. भाऊ बायकोच्या मागं खचला. गोळ्या घ्यायच्या त्यानं सोडून दिल्या आणि दोन पावसाळेही काढले नाहीत. ओवी आत्याकडं आली ती आली.

आजाराचं म्हणाल तर त्यात आता फारसं भय उरलं नव्हतं. पूर्वीसारख्या रोजच्या गोळ्या राहिल्या नव्हत्या. सहा महिन्यांतून एकदा सांगलीला जाऊन दंडात एक सुई घ्यायची, की औषध हळूहळू झिरपत राही. ओवीच्या रक्तात विषाणू आता शोधूनही सापडत नाही, तिच्यापासून कुणाला काही होणार नाही, तिनं शिकावं, लग्न करावं, म्हातारं व्हावं, असं डॉक्टरांनी वैजयंताला समजावून सांगितलं होतं. तरी गावात तिनं कुणाला कळू दिलं नव्हतं. सांगलीला का जाता असं विचारलं की "रक्त कमी आहे पोरीचं," म्हणायची. गावभर तोंड चालवणाऱ्या त्या बाईच्या तोंडून ही एक गोष्ट अकरा वर्षांत बाहेर पडली नव्हती.

ओवीला मात्र सगळं माहीत होतं. नववीत गेली आणि ती मिटत गेली. जेवण कमी झालं, झोप तुटायला लागली. एकदा सुई घेताना तिनं नर्सला विचारलं, "ही नाही घेतली तर किती दिवसांत संपतं सगळं?" नर्सनं ते डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी समुपदेशकाला सांगितलं, आणि कानोसा ओवीच्या आयुष्यात आला.

समुपदेशक म्हणजे सर्फराज मुजावर नावाचा तिशीचा, सडपातळ, हसरा तरुण. त्यानं आत्या-भाचीला समोर बसवून मसुराच्या डाळीएवढी एक चकती दाखवली.

"हे कानामागं चिकटवायचं," तो म्हणाला. "विषाणूला आपण हरवलंय आत्या. पण या मुलांतली काही मुलं स्वतःच जीव संपवतात. इतर मुलांपेक्षा जास्त. आईबाप गेलेले असतात, लोक तोडून वागतात, आणि मुलं कुणाला काही सांगत नाहीत. हे यंत्र त्यांच्या मनाचा कानोसा घेतं."

"मनातलं ऐकू येतं त्याला?" वैजयंतानं डोळे बारीक केले.

"नाही. शब्द त्याला कळतच नाहीत. पण मन खचलं की आवाज बदलतो. घशातल्या तारा सैलावतात, बोलणं एकसुरी होतं, दोन शब्दांमधली जागा लांबते. आपल्या कानांना ते कळत नाही, इतकं बारीक असतं. निरोगी माणसाच्या काळजाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं थोडं कमीजास्त होत असतं. खचलेल्या माणसाचं ते घड्याळासारखं होतं. शिवाय झोप. यातलं एकेक घेतलं तर काही कळत नाही. पण सगळं एकत्र केलं, आणि तिची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता तिच्या स्वतःच्याच आधीच्या दिवसांशी केली, तर पुढच्या आठवड्याचा अंदाज येतो. हवामानाचा येतो तसा. तुमच्या फोनवर रंग दिसेल. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे लक्ष द्या. तांबडा झाला तर आम्ही त्याच दिवशी घरी येतो."

"आणि आजूबाजूचे आवाज?" ओवीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

सर्फराज जरा घुटमळला. "तेही टिपतं. कुणाच्या आवाजानं तुझा ताण वाढतो ते कळावं म्हणून. तो माणूस सारखा सारखा त्रास देत असेल तर त्याला सूचना जाते."

"आमच्या पोरीला काय वेड लागलंय?" वैजयंता उसळली. "टिकल्या कसल्या चिकटवताय तिला?"

पण नर्सला विचारलेला तो प्रश्न तिच्याही मनात रुतला होता. तिनं चकती लावून घेऊ दिली.

चकती केसांखाली झाकून गेली असती. पण शाळेत दोन वेण्या रिबिनीनं वर बांधून यायचा नियम होता, आणि मुख्याध्यापिका इनामदारबाई नियमाच्या फार पक्क्या. मुलींनी विचारलं तेव्हा "ऐकायला कमी येतं," असं ओवीनं सांगून टाकलं. ते महिनाभर खपलं. मग एका बातमीत कानोशाचं चित्र दाखवलं, आणि एचआयव्हीबाधित मुलांसाठी ही योजना कशी आहे ते निवेदिकेनं गोड आवाजात सांगितलं. रात्रीच्या जेवणाच्या वेळची बातमी होती ती. सगळ्या गावानं ताटावर बसून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर चार डबे कमी आले. आठवडा संपता संपता रांग उरली नाही. बायका डबे घेऊन समोरून जायच्या, पलीकडच्या आळीतल्या नव्या चक्कीकडं. वैजयंता उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या पाठीवर ओरडायची, "पिठातून रोग होतो व्हय गं? शिकल्यासवरलेल्या ना तुम्ही?" बायका मागं वळून बघायच्या नाहीत. त्यांचं पावलं उचलणं तेवढं जलद व्हायचं.

शाळेत सुरुवातीला उघड सुरू झालं. वर्गातल्या एका मुलानं ओवीला सगळ्यांसमोर एक घाणेरडं नाव ठेवलं आणि तो ते रोज म्हणू लागला. कानोशानं ते टिपलं. शाळेला सूचना आली, मुलाच्या बापाला बोलावून लेखी समज दिली. सर्फराजला वाटलं, यंत्रानं काम केलं.

काम केलं खरं, पण भलतंच. त्या बापानं गावभर सांगितलं, "त्या पोरीच्या कानात सरकार बसलंय. तिच्याशी बोललं की आपलं नाव वर जातं." घरोघरी मुलांना बजावलं गेलं, की चांगलं नको आणि वाईट नको, तिच्याशी बोलायचंच नाही. शिक्षकही शहाणे झाले. फळ्याकडं बोट करताना, प्रश्न विचारताना त्यांची नजर ओवीच्या बाकावरून उडी मारून पुढं जायची. मधल्या सुट्टीत ती नळावर गेली की तिथला गलबला बंद व्हायचा. मुली बाजूला सरायच्या, तिचं पाणी पिऊन होईपर्यंत तोंडं शिवल्यासारख्या उभ्या राहायच्या, आणि ती चार पावलं गेली की मागं पुन्हा गलबला सुरू व्हायचा.

घरात वेगळं नव्हतं. एकदा दूध उतू गेलं म्हणून वैजयंतानं ओवीला नेहमीसारखं धारेवर धरलं. ठोके वाढले, कानोसा पिवळा झाला, आणि फोनवर सूचना आली: तुमच्या आवाजामुळे बालिकेचा ताण वाढत आहे. गणिताच्या मार्कांवरून दुसरी आली. खाली लिहिलं होतं, की तिसऱ्या सूचनेनंतर बालिकेला सुरक्षित निवाऱ्यात हलवण्याचा विचार केला जाईल.

वैजयंता घाबरली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जिभेला लगाम घातला. बोलायची वेळ आली की आधी श्वास घ्यायची, मग ओठ ताणून बोलायची, "ओवी बाळ, जेवतेस ना? नको असलं तर राहू दे हं."

"अशी नको बोलू," ओवी एकदा म्हणाली.

"कशी गं?"

"दवाखान्यातल्यासारखी."

पूर्वीची वैजयंता असती तर तिनं "मग काय आरती ओवाळू?" असं फटकन म्हटलं असतं. ते शब्द अगदी ओठांवर आले होते. ते गिळून ती म्हणाली, "बरं बाळ." ओवी क्षणभर तिच्याकडं बघत राहिली, जशी कुणीतरी दार उघडेल म्हणून थांबली असावी. मग उठून आत गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कानोसा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. ओवी वेळेवर जेवू लागली, वेळेवर झोपू लागली. आपले रंग आणि कुंचले तिनं शेजारच्या लहान मुलीला देऊन टाकले. आता अभ्यास करायचाय, म्हणाली. इनामदारबाईंनी निरोप पाठवला, की शाळेतलं वातावरण अनुकूल असल्याचा अहवाल आला आहे, पालकांनी त्याची नोंद घ्यावी. वैजयंतानं देवापुढं साखर ठेवली. आपलं गप्प बसणं फळाला आलं, असंच तिला वाटत होतं.

शनिवारी दुपारी सर्फराजचा फोन आला. गिरणीत गिऱ्हाईक नव्हतंच.

"आत्या, ओवी कुठं आहे?"

"आत झोपलीय. का रे? हिरवा आहे की."

"हो, हिरवा आहे. म्हणूनच फोन केला." त्याचा आवाज नेहमीसारखा हसरा नव्हता. "मी कानोशाच्या आलेखावरची तिची रेघ बघत बसलोय. माणूस बरं होतं तेव्हा रेघ वरखाली होत होत वर चढते. एक दिवस चांगला, एक वाईट. हिची एका रात्रीत शांत झाली आणि नंतर हललीच नाही. यंत्राला शांतता म्हणजे बरं, एवढंच शिकवलंय आम्ही. पण कधी कधी माणसानं मनाशी ठरवून टाकलं ना, की ते असंच शांत होतं. मग कशाशी झगडायचं उरत नाही त्याचं. आवडीच्या वस्तू वाटल्यात का तिनं कुणाला?"

वैजयंतानं आतल्या दाराकडं पाहिलं. "रंग दिले," ती पुटपुटली.

"मी निघतोय. पण मला दोन तास लागतील. तोवर तिला एकटं सोडू नका. आणि तिला विचारा."

"काय विचारू?"

"जीव द्यायचं मनात आहे का. असंच, याच शब्दांत."

"अरे, नसेल तर माझ्या तोंडून ऐकून डोक्यात यायचं तिच्या!"

"विचारल्यानं कुणाच्या डोक्यात येत नाही आत्या. असेल तर बाहेर मात्र येतं." मग त्यानं स्वतःचं सांगितलं. "मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा मला विचारलं होतं एका वॉर्डबॉयनं. मीही जन्मापासून पॉझिटिव्ह आहे. त्या दिवशी त्यानं विचारलं नसतं तर आज हा फोन करायला मी नसतो."

इतके महिने वैजयंता या पोराकडं येत-जात होती, आणि तिला हे माहीत नव्हतं. मग म्हणाली, "मला गोड बोलून विचारता यायचं नाही रे. आणि ओरडले की तांबडं होतंय. तिसरी सूचना येईल. नेतील तिला."

"नेतील कदाचित," सर्फराज म्हणाला. त्यानं खोटं सांगितलं नाही. "तरी विचारा. भांडून विचारायचं तर भांडून विचारा."

वैजयंतानं गिरणीचं शटर खाली ओढलं आणि आत गेली. ओवी झोपलेली नव्हती. भिंतीला टेकून पलंगावर बसली होती, हात मांडीवर घेऊन, एसटीची वाट बघणाऱ्या माणसासारखी. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"ओवी बाळ," वैजयंतानं सुरुवात केली, आणि तो साखरेचा आवाज तिलाच सहन होईना. तिनं दार लावून घेतलं, पाठ टेकली, आणि गिरणीवर मात करणारा तिचा खरा आवाज कित्येक आठवड्यांनी त्या घरात घुमला.

"मरायचं ठरवलंयस का गं तू?"

ओवी दचकली. मग अगदी हळू म्हणाली, "ओरडू नको. तांबडा होईल."

"होऊ दे!"

"मला नेतील."

"नेऊ देत! जित्ती नेतील ना? मी काय विचारतेय त्याचं उत्तर दे. ठरवलंयस का?"

"तुला काय करायचंय?" ओवीचा आवाज फाटला. "तू बोलतेस का माझ्याशी? कुणी बोलतं? वर्गात हजेरी घेताना माझं नाव आलं की बाई डोळ्यांनीच बघून घेतात आणि खूण करतात. परवा मी मुद्दाम वर्गात पाण्याची बाटली सांडली सगळ्यांच्या वह्यांवर. कुणी काही बोललं नाही आत्या! वह्या पुसल्या आणि गप्प बसले. मी आहे की नाही तेच कळेना मला. आधी तू तरी शिव्या द्यायचीस. मग तू पण बाळ बाळ करायला लागलीस. वाटलं, आता हिच्यासाठीपण मी गेलेय."

"तुला नेऊ नयेत म्हणून गप्प बसले गं मी! जीभ चावून चावून बसले!"

"मला सांगायचं होतंस!"

"आणि तू? तू सांगितलंस? रंग वाटत बसलीस, आणि मी मूर्ख देवापुढं साखर ठेवतेय! बोल, ठरवलंयस?"

ओवीनं मान हलवली. हो. मग तिनं सगळं सांगितलं. कधी आणि कसं, ते इथं सांगायचं कारण नाही. फार दूरचं नव्हतं, एवढं पुरे. ऐकता ऐकता वैजयंता जमिनीवर बसली. ज्या गोष्टीनं ओवी जीव देणार होती ती गोष्ट तिनं ओवीकडून मागून घेतली आणि बाहेर नेऊन कुलपात टाकली. परत येऊन ती ओवीच्या शेजारी बसली.

"मला आधी का नाही बोललीस?"

"तू रागावली असतीस."

"रागावलेच असते!" वैजयंता ओरडली. "सगळी आळी गोळा केली असती! माझ्या भावाची पोर आहेस तू. तो असाच एक शब्द न बोलता गेला. गोळ्या परसात पुरायचा आणि मला घेतल्या म्हणायचा. तुला सोडीन व्हय मी तशी?"

बापाचं हे ओवीला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती आत्याकडं बघत राहिली, आणि मग रडू लागली, तोंड उघडून, लहान मुलासारखी. वैजयंतानं तिला जवळ ओढलं, आणि रडत रडत तिला बोल लावत राहिली. बाहेर फोन वाजत होता. कानोसा तांबडा झाला होता.

सर्फराज आला तेव्हा त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या बालसंरक्षण कक्षातल्या नांद्रेकर मॅडमही होत्या. खुर्ची पुसून त्या बसल्या आणि फोनवरचा अहवाल त्यांनी वाचला. "हिरव्यातून थेट तांबडा. कारण, वैजयंता मगदूम यांचा आवाज. तिसरी वेळ." त्यांनी मान वर केली. "मुलगी निवाऱ्यात जाईल."

"मॅडम, तिनं जीव द्यायचं ठरवलं होतं," सर्फराज म्हणाला. "या बाईंनी विचारलं म्हणून कळलं. आपलं यंत्र तिला ठणठणीत म्हणत होतं."

"मुजावर, तुमचं मत मला नकोय. नियम आहे."

"अहवालात शाळेबद्दल काय लिहिलंय?" ओवीनं विचारलं. रडून तिचा आवाज घोगरा झाला होता.

मॅडमनी पाहिलं. "अनुकूल. एकही त्रासदायक आवाज नाही."

"आवाजच नाही. कुणी बोलतच नाही माझ्याशी. ते कुठं लिहिलंय?"

नांद्रेकर मॅडमनी बोटानं अहवाल वर सरकवला, खाली सरकवला. तशी जागा त्यात नव्हती. त्या विरघळल्या वगैरे नाहीत. फोन बंद करून त्या कोरडेपणानं म्हणाल्या, "निवाऱ्यात नको, दवाखान्यात न्या. मानसोपचार विभागात. सोबत एक नातेवाईक राहू शकतो." वैजयंताकडं न बघताच त्या उठल्या. "तुम्ही बॅग भरा."

गाडी बाजारपेठेतून निघाली तेव्हा लोक दारांत उभे राहून बघत होते. कुणी काय झालं म्हणून विचारलं नाही. वैजयंतानं काच खाली केली आणि गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत दोन्ही बाजूंना शिव्या दिल्या. ओवी खिडकीला डोकं लावून ऐकत होती.

दवाखान्यात चमत्कार घडला नाही. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या सुरू केल्या, त्यांचा परिणाम दिसायला वेळ लागला. काही दिवस ओवी कुणाशी बोलली नाही. मग सर्फराजनं तिला एका खोलीत नेलं. तिथं तिच्यासारखीच मुलं आठवड्यातून एकदा जमत, चहा पीत, आणि गावांना नावं ठेवत. एका मुलाला घरच्यांनी ताट वेगळं दिलं होतं, एकीचं लग्न मोडलं होतं. "आमच्याकडं निदान ताट तरी दिलं," असं तो मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. ओवीही हसली, आणि आपण हसलो याचं तिला नवल वाटलं.

वैजयंता एक दिवस परत येऊन शाळेत गेली. इनामदारबाई आधीच तयारीत होत्या.

"आमच्याकडून तिला एक वाईट शब्द गेलेला नाही. रेकॉर्ड आहे."

"चांगला गेला का एखादा?"

"हे बघा, बोललं तरी आमच्यावर येतं. मी बाराशे मुलं सांभाळते."

"बाराशे सांभाळता आणि एकीला मारायला निघाला होतात," वैजयंता म्हणाली. "हात न लावता. मला तर तुमच्यापेक्षा तो नावं ठेवणारा पोरगा बरा वाटतोय."

बाईंनी शिपायाला हाक मारली. वैजयंता आपणहून बाहेर पडली, पण व्हरांड्यातून जाताना तिनं प्रत्येक वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा सांगितलं.

सर्फराजनंही वरिष्ठांशी भांडण काढलं. तांबड्या-हिरव्याची जुनी रेकॉर्डं त्यानं उकरली. ज्या मुलांना योजना वाचवू शकली नव्हती त्यांतल्या कित्येकांच्या शेवटच्या दिवसांत आजूबाजूचे आवाज वाईट नव्हते, कारण आवाजच नव्हते. यंत्र आवाज मोजत होतं. आवाज थांबला की त्याला सगळं आलबेल वाटायचं. वरिष्ठांना हे मानायला जड गेलं, पण आकडे त्यांचेच होते. कानोसा बदलला. आता मुलाला उद्देशून दिवसभरात कुणी किती बोललं तेही तो मोजू लागला, आणि एकदम आलेल्या शांततेला त्यानं पिवळ्यात टाकलं.

नवं वर्ष सुरू झालं, ओवी दहावीत परत शाळेत गेली आणि पहिल्याच आठवड्यात इनामदारबाईंना सूचना आली: अबोला. बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी लगेच वर्गात वेळापत्रक लावलं. मधल्या सुट्टीत हजेरी क्रमांकानुसार एकेकानं ओवीशी पाच मिनिटं बोलावं.

पहिल्या दिवशी ओवी घरी आली ती दप्तर फेकून पोट धरून हसत. "आत्या, रांग लागते माझ्यासमोर! रेशनच्या दुकानासारखी. 'कशी आहेस, जेवलीस का, आज हवा छान आहे.' सगळे तेच! एकानं तर हातावर लिहून आणलं होतं." हसता हसता तिचे डोळे भरले. वैजयंतानं इनामदारबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आता तिला नोटिसांचं भय उरलं नव्हतं. तिचं ओरडणं हे ओवीचं नेहमीचं हवामान आहे, एवढं यंत्रालाही कळलं होतं.

मग एका गुरुवारी ओवीला यायला उशीर झाला. वैजयंता रस्त्यापर्यंत जाऊन बघून आली. गिरणीवर तेव्हा एकच गिऱ्हाईक होतं, परगावचं. शेवटी ओवी आली, ती रागानं लाल होऊन.

"कुठं उलथली होतीस?"

"भांडत होते. त्या काव्या पाटीलशी."

"कशावरून?"

"आज तिचा नंबर होता. समोर येऊन बसली आणि म्हणते, मला काही बोलायचं नाही, माझी आई म्हणते तुझ्याजवळ बसू नको, मला तुझी भीती वाटते आणि तुझ्यामुळं आमच्या सगळ्यांच्या सुट्टीचं वाटोळं झालंय."

वैजयंतानं हातातली चाळण खाली ठेवली. "अशी म्हणाली ती भवानी? तोंड फोडते तिचं. मग?"

"मग मी विचारलं, कशाची भीती वाटते सांग. म्हणे, तू शिंकलीस तर? मी म्हटलं, दहावीत आलीस आणि एवढंही कळत नाही, गाढव आहेस तू. ती म्हणाली, तूच गाढव, मग आजवर खोटं का बोललीस ऐकायला कमी येतं म्हणून? मी म्हटलं, खरं सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? मग तिनं सुई कशी देतात, दुखतं का, लग्न होतं का, सगळं विचारलं. घंटा झाली तरी भांडत होतो. शाळा सुटल्यावर फाटकाशी पुन्हा."

वैजयंताच्या कमरेच्या पिशवीत फोन थरथरला. कानोसा पिवळा झाला असणार. तिनं तो काढून पाहिलाही नाही.

"पटलं का तिला?"

"छे! कसली हट्टी आहे. आईला विचारून येते म्हणाली." ओवीनं माठातून पाणी घेतलं, घटाघटा प्यायली आणि तोंड पुसलं. "उद्या तिचा नंबर नाहीये, तरी येणार आहे म्हणे. मला लवकर डबा दे सकाळी. मला तिच्या आधी पोचायचंय."